प्रथिनांतील विजेचा वेध

रेडिओचा काटा फिरवीत असता नेमक्या जागी तो आला की एखादे केंद्र स्पष्ट ऐकू येते. निसर्गातही असाच एक मेळ घडतो. हायड्रोजनचे अणुकेंद्र हे जणू इवलेसे लोहचुंबकच होय. बलवान चुंबकीय क्षेत्रात ते भोवऱ्यासारखे डोलते, आणि त्या डोलण्याशी जुळणारी रेडिओ-लहर भेटली की तिची ऊर्जा शोषून घेते. यालाच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांनी ते १९४५-४६ च्या सुमारास द्रव व घन पदार्थांत दाखवून दिले. आणि १९५१ सालीच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांचा वाहत्या द्रवांतील अनुस्पंदनावरील निबंध प्रसिद्ध झाला. आज त्या संस्थेत या तंत्राने प्रथिनांचाही अभ्यास चालतो.

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची घडी पडलेली साखळी. तिच्यातील काही दुवे धनभारित, तर काही ऋणभारित असतात. पाण्यात विद्युत्-आकर्षण सुमारे ऐंशी पटींनी क्षीण होते. प्रथिनाच्या गाभ्यात ते तितके क्षीण होत नाही. म्हणून कोणत्या भाराचा प्रभाव किती, हे नुसत्या गणिताने सांगणे कठीण. ते मोजावेच लागते.

येथे हिस्टिडीन हे अम्ल साहाय्यास येते. प्रोटॉन स्वीकारताच ते धनभारित होते, आणि त्याच्या वलयातील हायड्रोजनची कंप्रता दशलक्षांत सुमारे एका भागाने सरकते. द्रावाची आम्लता पायरीपायरीने बदलत गेल्यास निम्मे रेणू केव्हा भारित झाले, ते कळते. शेजारी ऋणभार असेल तर हा मध्यबिंदू पीएच्‌च्या मापावर वर चढतो. धनभार असेल तर खाली उतरतो. शेजारच्या विजेचेच हे माप.

१९७३ साली किलमार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी हीमोग्लोबिनातील बीटा साखळीच्या अखेरच्या, १४६ व्या हिस्टिडीनचा असा मध्यबिंदू मोजला. प्राणवायूविरहित रूपात तो ८.० भरला; कार्बन मोनॉक्साइड बांधलेल्या, म्हणजे रचनेने प्राणवायुयुक्त रूपासारख्याच असलेल्या हीमोग्लोबिनात ७.१. पहिल्या रूपात जवळ येणारा ॲस्पार्टेटचा ऋणभार प्रोटॉनवरील पकड सुमारे आठपट घट्ट करतो.

याचा अर्थ मोठा आहे. राबणाऱ्या स्नायूंत आम्लता वाढते. तेथे हीमोग्लोबिन प्रोटॉन धरते आणि प्राणवायू सोडते. फुप्फुसांत याच्या उलट घडते. जेथे गरज अधिक तेथे प्राणवायू अधिक, या व्यवस्थेचा एक आधार म्हणजे दोन भारांची ही जवळीक होय.