मैदान कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर कधी लागणार?

वाचकहो, कॉलेजचा व्हॉलीबॉलचा सामना तुम्ही शेवटपर्यंत पाहिला असेल, तर उडी मारून स्मॅश मारणारा पोरगा तुमच्या लक्षात राहिला असेल. टाइमआउट मागणारे सरही लक्षात राहिले असतील. पण बाकाच्या टोकाला, बॉलची जाळीदार पिशवी पायाशी घेऊन बसलेला तिसरा एक माणूस असतो. तो तुम्हाला आठवतो का? नसेलच आठवत. त्यात तुमचा दोष नाही. खेळाच्या नियमपुस्तकानेच त्याला गप्प बसायला सांगितले आहे. सहायक प्रशिक्षकाने बाकावर बसावे, सामन्यात हस्तक्षेप करण्याचा त्याला अधिकार नाही, असे नियम सांगतो. मुख्य प्रशिक्षकाला काही कारणाने बाक सोडावा लागला, तरच संघाच्या कप्तानाने पंचांना तसे कळवल्यावर तो त्यांची जागा घेऊ शकतो.

आज या माणसाविषयी थोडे बोलू. कारण आपल्या भागातल्या खेड्यापाड्यांतून जी पोरे कॉलेजच्या संघात जातात, त्यांना घडवणारा बहुतेक वेळा हाच असतो.

छावणीचे गाव आणि लष्कराच्या भाकऱ्या

विठ्ठलवाडी स्टेशनावर उतरून कॅम्प ४ कडे चालत निघालात, तर लालचक्की, मराठा सेक्शन, सुभाष टेकडी अशी नावे लागतात. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित या बराकींत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे उल्हासनगर झाले. छावणी गेली, कॅम्प हा शब्द मात्र राहिला. पुढे आसपासच्या गावांतली आणि घाटावरून आलेली मराठी कुटुंबेही इथे वसली. दोन्हीकडची पोरे कॉलेजला एकत्र आली. बदलापूर, वांगणी, नेवाळी, मांगरूळकडची मुले सकाळची लोकल नाहीतर रिक्षा पकडून उल्हासनगरच्या कॉलेजात येतात. चांदीबाई कॉलेज आणि तलरेजा कॉलेज ही नावे आपल्या पट्ट्यात घरोघरी माहीत आहेत. बदलापूरला आदर्श कॉलेज आहे.

व्हॉलीबॉल हा गरिबाला परवडणारा खेळ. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद जागा, दोन खांब, एक जाळी, एक बॉल. गावाकडे भात कापून झाले की रिकाम्या शेतात चुन्याच्या रेघा मारल्या, की झाले मैदान तयार. शूटिंगचा व्हॉलीबॉल तर आपल्याकडे गावोगावी खेळतात. पण गावात शूटिंग खेळणारा गडी कॉलेजात येतो, तेव्हा त्याला पासिंगचा खेळ नव्याने शिकावा लागतो. बॉल बोटांवर घेणे, लिफ्टरपर्यंत नीट पोचवणे, रोटेशन न चुकवणे, हे सगळे पहिल्यापासून. ते शिकवतो कोण?

कागदावर शिकवतात ते कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक. पण बघा, कॉलेजला हे पद साधारणपणे एकच असते. एका माणसाने कबड्डी बघायची, खो-खो बघायचा, अॅथलेटिक्स बघायचे, बुद्धिबळाच्या संघाचीही नावे पाठवायची. वर प्रवेशाचे काम, परीक्षेचे काम, निवडणुकीचे काम. मग रोज संध्याकाळी दोन तास जाळीशी उभे राहायला हवा तो माणूस. तो बहुधा त्याच कॉलेजचा जुना खेळाडू असतो. कॉलेजच्या नोंदीत त्याचे पद नाही. कुठे वर्षाचे थोडे मानधन मिळते, कुठे नुसती चहा-बिस्किटे. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात ते हेच. आणि हे गाव तर मुळात लष्कराच्या छावणीचेच!

हा माणूस नेमके करतो काय?

अहो, काय करत नाही? ब्लॉकच्या सरावासाठी स्टुलावर उभा राहून शंभर-शंभर बॉल मारतो. सर्व्हिस घेताना कोणाचे गुडघे वाकत नाहीत ते पाहतो. सामन्याआधी रोटेशनची चिठ्ठी बहुतेक वेळा तोच लिहितो, सही तेवढी सरांची असते. कुठल्या मुलीच्या घरी अंधार पडल्यावर चालत नाही, कोणाची कर्जत लोकल कितीची आहे, कोणाच्या घरी लावणीमुळे पोरगा आठवडाभर येणार नाही, हा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. मुलगी मैदानावर येणे बंद झाली, तर तिच्या वडिलांना भेटायलाही तोच जातो.

शिवाय त्याला स्वतः शिकत राहावे लागते. नव्वदच्या दशकात जो खेळला, त्याने सर्व्हिस हातात असेल तरच गुण मिळतो, सेट पंधराचा, असा खेळ शिकलेला. १९९८-९९ च्या सुमारास हे सगळे बदलले. प्रत्येक चेंडूला गुण, सेट पंचवीसचा आणि निराळ्या रंगाची बनियन घालून मागच्या फळीत खेळणारा लिबेरो आला. ज्याने हे समजून घेतले तो टिकला, ज्याने 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हटले तो मागे पडला.

पुढे त्याचे काय होते?

इथेच खरे दुखणे आहे. पोरगा तीन वर्षे कॉलेजला खेळला, कप्तान झाला. पदवी मिळाली. सर म्हणाले, 'पोरांना बघत जा रे.' तो बघू लागला. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली, पाळी सांभाळून तो मैदानावर येऊ लागला. पाच वर्षे गेली, दहा गेली. लग्न झाले, मुले झाली. घरी विचारणा होऊ लागली, 'तिथं तुम्हाला मिळतं तरी काय?' मग एके दिवशी सर निवृत्त झाले. नवे सर आले ते पात्रता असलेले, निवड समितीतून आलेले. त्यांचा स्वतःचा माणूस होता किंवा त्यांचा खेळ निराळा होता. आपल्या गड्याला कोणी 'येऊ नकोस' म्हणाले नाही. पण 'ये' असेही कोणी म्हणाले नाही. असा एखादा तरी गडी तुमच्या माहितीत असेल, आठवून पाहा.

शेतकरी वाचकांना हे समजावून सांगायला नको. १९४८ साली मुंबईचा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. ज्याने पिढ्यान्पिढ्या नांगर धरला त्याची वहिवाट सरकारने ओळखली. तोवर त्याचे नाव सातबाऱ्यावर निदान इतर हक्कात तरी असायचे. आमच्या या मैदानाच्या कुळाचे नाव कुठेच नाही. पीक त्याचे, पण पीक पाहणीला त्याचा पत्ता नाही.

खेळाडूसाठी सरकारने वाट केली आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, पात्र खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. हे चांगलेच आहे. पण त्या खेळाडूला त्या पातळीवर नेणारा मदतनीस खेळाडू म्हणून मोठा नसेल, तर त्याच्या हाती काय?

निष्ठा म्हणजे खुंटाळा नव्हे

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. हा माणूस दुसऱ्या कॉलेजात गेला, की लगेच 'फितूर झाला' म्हणतात. ज्या सरांनी हातात बॉल दिला त्यांना सोडायचे कसे, म्हणून अनेकजण जागचे हलत नाहीत. गुरूविषयी अशी भावना असणे ही मोठीच गोष्ट आहे. पण जरा जगाकडे पाहा.

अमेरिकेत नेब्रास्का नावाचे राज्य आहे. मक्याचा आणि गुराढोरांचा मुलूख, आपल्यासारखाच शेतीवाला. तिथल्या विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना पाहायला ३० ऑगस्ट २०२३ रोजी ९२,००३ माणसे जमली होती. त्या संघाचे प्रशिक्षक जॉन कुक हे १९८९ ते १९९१ तिथेच मदतनीस होते. मग ते विस्कॉन्सिनला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले, सात वर्षांनी परत आले, वर्षभर पुन्हा दुसऱ्या जागेवर बसले आणि २००० साली मुख्य झाले. पंचवीस वर्षे त्यांनी तो संघ सांभाळला. २०२५ च्या जानेवारीत ते निवृत्त झाले, तेव्हा जागा मिळाली डॅनी बसबूम केली यांना. त्या २००६ च्या तिथल्या विजेत्या संघातल्या खेळाडू, पुढे कुक यांच्याच मदतनीस. २०१७ साली लुईव्हिल विद्यापीठात गेल्या, तो संघ दोनदा राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेला आणि मग स्वगृही परतल्या.

त्यातला २०२४ चा अंतिम सामना त्या हरल्या तो पेन स्टेट विद्यापीठाकडून. तिथल्या प्रशिक्षक केटी शूमाकर-कॉली याही त्याच विद्यापीठाच्या जुन्या खेळाडू. बाहेर दोन ठिकाणी मुख्य प्रशिक्षक होत्या, तरी २०१८ साली आपल्या जुन्या गुरूंच्या हाताखाली मदतनीस म्हणून परत आल्या. २०२२ साली मुख्य झाल्या. कर्करोगावर उपचार चालू असताना त्यांनी २०२४ चे विजेतेपद मिळवले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक.

सांगायचे तात्पर्य, तिथे जाणे म्हणजे बेइमानी नव्हे. माणूस जातो, शिकतो, आणि बोलावले तर परत येतो. मात्र परत यायला जागा असावी लागते! अमेरिकेतही मोठ्या कॉलेजांत बिनपगारी मदतनीस ठेवण्याची सोय होती. २०२३ च्या जुलैपासून तिथल्या एनसीएए या संस्थेने ते वेगळे पद मोडीत काढले.

आपल्याकडे पैशाची गोष्ट तशी होणार नाही, हे मान्य. २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली, २०२३ पासून तीत मुंबईचा संघही आला. पण ती लीग वर्षातले काही आठवडे. तिच्या भरवशावर संसार कोणी मांडू नये.

तरुणांनो, कागद जमवा

तुमच्या घरात असा एखादा मदतनीस असेल, किंवा तुम्ही स्वतःच तो असाल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, बी.पी.एड. करा. त्यासाठी राज्याची सीईटी असते. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता, आता दोन वर्षांचा आहे. त्यामुळे शाळेचा रस्ता उघडतो. वडाळ्याला आणि कांदिवलीला अशी कॉलेजे आहेत. कांदिवलीची संस्था तर १९३८ सालची.

दुसरी, कॉलेजचे संचालक व्हायचे असेल तर एम.पी.एड.ला किमान ५५ टक्के गुण हवेत आणि नेट किंवा सेट, नाहीतर नियमात बसणारी पीएच.डी. हवी. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. शिवाय धावण्याची चाचणी असते. तिशीपर्यंतच्या पुरुषाला बारा मिनिटांत १८०० मीटर, महिलांना वेगळे निकष. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. जागा थोड्या निघतात, हे लक्षात ठेवूनच उतरा. दुसरी नोकरी सोडून त्याच आशेवर बसू नका.

तिसरी, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते. तिची पदविका दीर्घ मुदतीची, पण सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. नोकरीवाल्याने रजा साठवून तो करावा. जोडीला पंच परीक्षाही द्यावी.

चौथी आणि सर्वांत सोपी. दरवर्षी कॉलेजकडून एक पत्र मागून घ्या. अमुक वर्षी अमुक संघाला सहायक प्रशिक्षक म्हणून काम केले, एवढेच. मागायला लाजू नका. 'सरांना काय वाटेल' म्हणून दहा वर्षे पत्र न घेणारा अकराव्या वर्षी रिकाम्या हाताने उभा राहतो.

कॉलेजवाल्यांना आणि गावकऱ्यांना

प्राचार्य महोदय, नवे पद निर्माण करणे तुमच्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. पण संघाच्या प्रवेशिकेवर त्याचे नाव घालणे, वार्षिक अंकात त्याचा फोटो छापणे, लोकलचे पासाचे पैसे देणे आणि नवे सर आले की पहिल्याच दिवशी 'हे आमचे जुने सहकारी' म्हणून ओळख करून देणे, याला कुठल्या शासन निर्णयाची गरज आहे? ग्रामपंचायतींनीही गावच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांना हार घालताना एक नारळ याच्यासाठी बाजूला ठेवावा.

कारण नुकसान त्याचे एकट्याचे नाही. तो यायचा थांबला, की वांगणीची एखादी मुलगी दुसऱ्या वर्षी मैदानावर दिसत नाही. तिच्या बापाला समजवायला जाणारे कोणी उरलेले नसते. खांब तिथेच असतात, जाळी मात्र कपाटात जाते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी सामना पाहायला गेलात, तर मध्यंतरात बाकाच्या टोकाकडे जा. पिशवीत बॉल भरणाऱ्या माणसाला नाव विचारा, आणि विचारलेत तर लक्षात ठेवा. सातबारा मिळेल तेव्हा मिळेल, गावाने वहिवाट तरी मान्य करावी.