पेटी तीच, वूफर नवा

दुर्गापूजेच्या तोंडावर कोलकात्याच्या सियालदह स्टेशनाबाहेर ढाकी, म्हणजे ढाक नावाचा ढोल वाजवणारे, जमतात. बांकुरा, बीरभूम, मुर्शिदाबादकडचे हे वादक तिथंच ढाक बडवून दाखवतात, पूजा मंडळांची माणसं ऐकतात, घासाघीस करतात आणि त्यांना ठरवून नेतात. घरचा सबवूफर बदलायची वेळ आली की आपण मात्र न ऐकताच खोक्यावरचा वॅटचा आकडा बघतो. त्यात तो ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, असेल तर त्याला काडीचा अर्थ नाही. खरे वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल.

मुळात वूफर बदलायची गरज आहे का? दमट हवेत ढाकाचं चामडं सैल पडतं, आणि हीच हवा वूफरही पोखरते. हवा ढकलणाऱ्या कोनभोवतीची लवचीक कड फोमची असेल तर ओलाव्यानं तिचं पॉलियुरेथेन विघटित होतं आणि काही वर्षांनी बोट लावताच भुगा पडतो. कोलकात्यात घडतं तेच मुंबईत आणि कोकणातही. नुसती कड गेली असेल तर कारागीर नवी बसवून देतो. कोन हलवणारी कॉइल जळली असेल तरच नव्याचा विचार करावा. तो घेताना कड रबराची बघावी. ओहमही जुन्याइतकेच हवेत. 8 च्या जागी 4 ओहमचा वूफर लावला की ॲम्प्लिफायरवर दुप्पट करंटचा भार येतो.

ताणलेलं चामडं आणि वूफरचा कोन यांत फरक काय, याचा धागाही कोलकात्यातच सापडतो. सियालदहहून लालबाजारकडे जाणाऱ्या बहुबाजार रस्त्यावर, 210 क्रमांकाच्या वास्तूत, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स होती. रामन परिणाम 1928 साली तिथेच सापडला. पण त्याआधी, 1920 मध्ये, सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’मध्ये भारतीय तालवाद्यांवर लिहिलं होतं. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत येत नाहीत. तबला-मृदंगावरच्या शाईचं वजन ते पटीत आणतं, म्हणून ही वाद्यं सुरात लागतात. वूफरच्या कोनाकडून अपेक्षा नेमकी उलटी असते. त्याला स्वतःचा सूर असूच नये. पडद्यासारखं न थरथरता त्यानं अख्खंच्या अख्खं पुढेमागे व्हायचं.

त्याला पाठीमागून धरते ती पेटीतली हवा, आणि गडबड होते ती इथेच. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दशकात हे गणित मांडलं. त्यातले दोन आकडे पुरेत. वूफरची स्वतःची कंपनसंख्या एफएस, आणि त्याच्या कोनच्या लवचीक आधाराइतकीच ‘स्प्रिंग’ असणाऱ्या हवेचं आकारमान व्हीएएस. समजा एफएस 30 हर्ट्झ आणि व्हीएएस 60 लिटर आहे. हा वूफर 20 लिटरच्या बंद पेटीत बसवला की कंपनसंख्या थेट 60 हर्ट्झवर चढते. खालचा गंभीर स्वर गळतो, उरतं ते नुसतं घुमणं. भोकाच्या पेटीत तर भोकाची लांबी-रुंदीही जुन्या वूफरला धरून बेतलेली असते. तेव्हा दुकानात जाण्याआधी पेटीचं आतलं माप घ्यावं, आणि हे आकडे न सांगणारा वूफर, माझ्या मते, फुकटसुद्धा घेऊ नये.

मोठ्या कोनाचा मोह अगदीच खोटा नाही. स्वर एक सप्तक खाली नेऊन तितकाच जोर ठेवायचा तर कोनला चौपट हालावं लागतं. मोठ्या कोनला कमी हालून भागतं. फक्त तो त्या पेटीत शोभायला हवा.

कधी कधी दोष वूफरचा नसतोच. 4 मीटर लांब खोलीत सुमारे 43 हर्ट्झची लाट दोन भिंतींत अडकते. भिंतीपाशी दणका, खोलीच्या मधोमध जवळजवळ काहीच नाही. नेमका तिथे सोफा टाकलेला माणूस चांगला वूफर भंगारात काढतो. पैसे खर्चण्याआधी सबवूफर सोफ्यावर ठेवावा, बेसचं गाणं लावावं आणि जमिनीलगत रांगत खोलीभर ऐकत फिरावं. जिथे सगळे खालचे स्वर सारखे ऐकू येतील तिथे त्याला हलवावं. घरच्यांना हसू आलं तरी चालेल.