मे महिन्यात भाड्याच्या बोटीने मासे गरवायला जाताय? काठाजवळ की खोल पाण्यात, आधी हे बघा

परीक्षा संपल्या, शाळांना सुट्टी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्या आंबोली नाहीतर चोर्ला घाट उतरायला लागतात. पूर्वी समुद्रात डुंबायचे, मासे जेवायचे आणि परत यायचे, एवढाच बेत असायचा. अलीकडे त्यात बोटीतून मासे पकडायला जाण्याची भर पडली आहे. मालवण, देवबाग, वेंगुर्ले, पणजी, कारवार, कुठेही चौकशी करा, होडी भाड्याने मिळते आणि गरी-दोरीही होडीवालाच देतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "जवळ जायचं की डीप सी?" दरातला फरक ऐकूनही बऱ्याच जणांना वाटते, एवढे लांब आलोच आहोत तर खोलातच जाऊया.

उत्तर आधीच देऊन टाकतो. पहिल्यांदा जात असाल, मुलंबाळं बरोबर असतील, तर खाडीत किंवा खाडीच्या मुखाशी जा, उजाडता उजाडता निघा आणि अकराच्या आत काठाला या. बाहेरच्या पाण्यात जायचेच असेल तर एप्रिल किंवा फार तर मेचा पहिला पंधरवडा. त्यानंतर समुद्र आरशासारखा दिसला तरी नको.

'डीप सी' म्हणजे किती डीप?

आपल्या किनाऱ्यासमोर समुद्राखालची जमीन एकदम तुटत नाही. कोकण-गोव्यासमोर ती हळूहळू उतरत जाते आणि तिची कडा साधारण शंभर किलोमीटरवर किंवा त्याहूनही लांब येते. खरे अथांग पाणी त्या कड्यापलीकडे. लक्षद्वीपला याच्या नेमके उलट आहे. तिथे बेटाभोवतीची प्रवाळाची कड ओलांडली की थोड्याच अंतरावर पाणी शेकडो मीटर खोल होते, म्हणून कुपा मासा तिथल्या लोकांच्या दारातच आहे म्हणा ना. आपल्याकडच्या अर्ध्या दिवसाच्या 'डीप सी' फेरीत बोट बहुधा दहा-पंधरा किलोमीटरवर जाते. म्हणजे आपण असतो त्याच उतरत्या पाटावर, फक्त काठ धूसर दिसायला लागतो.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचे पाण्याखालचे पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचे, माथ्यावर पाणी जेमतेम वीस मीटर, आणि प्रवाळ भरपूर. त्याचे फोटो दाखवून कुणी अर्ध्या दिवसाच्या फेरीचे पैसे मागत असेल तर त्याला हात जोडावेत आणि दुसरा होडीवाला बघावा.

दहा-पंधरा किलोमीटरवर मासा नसतो असे नाही. मासा अंतराला नाही, आडोशाला धरून असतो. समुद्रातला खडक, बुडालेले जहाज, बेटाची सावली, अशा जागी गोबरा आणि तांबोशी बसून असतात. अशा जागा ज्याला माहीत, तो खरा तांडेल. त्याच्या डोक्यातल्या नकाशाचेच आपण पैसे देतो, डिझेल त्यामानाने किरकोळ.

वारा

चैत्र-वैशाखात किनाऱ्यावरचा दिवस दोन वाऱ्यांत वाटलेला असतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. सकाळी हा पडतो आणि तास-दोन तास पाणी अगदी निपचित होते. पर्यटकांचे सगळे फोटो या वेळचे. मग ऊन चढते, जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. दुपारपर्यंत त्याला जोर येतो, लाटांना पांढरे शेंडे फुटतात. जाताना पाऊण तास लागलेल्या बोटीला मग येताना दीड तासही लागू शकतो, आणि तोही आडव्या लाटांवर हेलकावत. आमच्या एका फेरीत बरोबरच्या दोघांनी बाराच्या सुमारास नाश्त्याला खाल्लेले सगळे समुद्राला परत केले. तांडेल शांतपणे म्हणाला, "मी सांगल्लंय, बाराक वारो उठता. त्या आदी बंदराक लागाक व्हया." आम्हीच 'अजून अर्धा तास' करत बसलो होतो.

हा रोजचा वारा. त्याच्याशी जमवून घेता येते. मेच्या उत्तरार्धात मात्र दुसऱ्याच गोष्टी येतात. अरबी समुद्र या दिवसांत वर्षातला सर्वांत गरम असतो आणि चक्रीवादळांना लागणारे बळ त्याच गरम पाण्यातून मिळते. २०२१ चे तौक्ते आठवा, मेच्या मध्यावर गोवा, सिंधुदुर्गाला झोडपत गुजरातपर्यंत गेले. २०२० चे निसर्ग ३ जूनला अलिबागजवळ जमिनीवर आले. वादळाची निदान बातमी तरी होते. पण याच महिन्यांत कधी कधी दक्षिणेकडच्या लांबच्या महासागरात उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्याला येतात. आपल्याकडे वारा नसतो, आभाळ निरभ्र असते, आणि तरी खाडीच्या मुखाशी मोठा फुगवटा येऊन लाट फुटते. केरळात याला 'कल्लकडल' म्हणतात, म्हणजे चोरून येणारा समुद्र. त्याचा तडाखा केरळला जास्त बसतो, पण आपला किनारा त्यातून सुटलेला नाही.

याचा अंदाज देणारी सरकारी संस्था हैदराबादेत आहे. समुद्रापासून इतक्या लांब, पण समुद्राची खबर तिथूनच. 'इन्कॉइस' असे तिचे छोटे नाव. लाटांची उंची, फुगवट्याचा इशारा, सगळे तिच्या संकेतस्थळावर रोज असते. आदल्या रात्री ते आणि हवामान खात्याचा मच्छिमारांसाठीचा इशारा बघायला पाच मिनिटे लागतात. भरती-ओहोटीही बघून घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीच्या मुखातून पाणी जोरात आत-बाहेर करते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला ओढ कमी असते, नवख्याला ते बरे.

खाडीत काय मिळते?

मेमध्ये नद्यांचे पाणी आटलेले असते, त्यामुळे खारे पाणी खाडीत खूप आतवर चढते. गढूळपणा नसतो. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते ती जागा, तेरेखोलची खाडी, मांडवी-झुआरी, कारवारची काळी, या सगळ्या ठिकाणी या दिवसांत शेवटा, तांबोशी आणि चोणक मिळण्याची आशा असते. जिवंत कोळंबी लावा किंवा छोटा मासा. भरती लागताना आणि उतरताना गरीला ओढ येते, मधला वेळ गप्पांचा. बाहेरच्या पाण्यात तळाला राणी मासा हमखास म्हणावा असा. चालत्या बोटीमागे गरी ओढत नेली तर सुरमई लागू शकते, पण तिचा खरा हंगाम पावसानंतरचा, मेमध्ये नशिबाचा भाग.

आणि चोणक? त्याच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळ्यांना फोटो त्याच्याबरोबरच काढायचा असतो. चोणक जन्मतो नर म्हणून. काही वर्षे नर म्हणून जगतो, आणि चांगला मोठा झाला की मादी होतो. म्हणजे हातभर लांबीचा, दोघांनी उचलावा असा जो चोणक, तो जवळजवळ नक्की मादी. पावसाच्या तोंडावर हीच मादी अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे येते, जिथे आपण गरी टाकून बसलेलो असतो. गोबऱ्याचे बरोबर उलटे. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. मोठे गोबरे वेचून काढले तर त्या खडकावर नरच उरत नाहीत. दोन्हीकडे नुकसान मोठा मासा नेल्यानेच जास्त.

चोणक सोडणे सोपे आहे. उथळ पाण्यातला असतो, ओल्या हाताने धरा, गरी काढा, फोटो घ्या आणि मिनिटभरात पाण्यात सोडा. गोबरा खोलातून वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, कधी पोट तोंडातून बाहेर येते. तसाच वर सोडला तर तो तरंगत राहतो आणि घारी-गरुडांचा घास होतो. म्हणून खडकावर गेलात तर खायला पुरतील तेवढे दोन-तीन घ्या आणि तिथली गरवणी थांबवा, 'पकडू आणि सोडू' तिथे चालत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे, तेव्हा बोटभर पिल्ले पिशवीत भरणेही नको.

कागद आणि जॅकेट

मासेमारीचा परवाना आणि प्रवासी नेण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. मासेमारीसाठी नोंदलेल्या होडीत दहा पाहुणे बसवले आणि काही झाले, तर विम्याचे पैसे मिळताना अडचण येणार. विचारायला लाजू नका. परवाना कुणाचा, किती माणसांचा, विमा आहे का. लाइफ जॅकेट आहे का हे विचारून भागत नाही, सगळे 'हो'च म्हणतात. लहान मुलांच्या मापाचे आहे का ते बघा आणि धक्क्यावरच घाला.

होडी कोणत्या राज्यात नोंदलेली आहे, हेही आपल्या सीमाभागातल्या माणसाने विचारावे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, मासेमारीचे नियम त्या त्या राज्याचे. तेरेखोलला खाडीच्या दोन अंगांना दोन राज्ये. एका राज्याच्या बोटी दुसऱ्याच्या हद्दीत शिरल्या म्हणून मालवणपासून कारवारपर्यंत दरवर्षी भांडणे होतात. आपला सीमावाद जमिनीवरच आहे असे आपल्याला उगीच वाटते. शिवाय मालवणच्या सागरी अभयारण्याच्या गाभ्यात गरी टाकायला बंदी आहे, आणि कारवारसमोरचे अंजदीव बेट नौदलाचे. तिकडे 'जरा जवळून' जाण्याचा आग्रह धरू नका.

१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस तिन्ही राज्यांत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मासे अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो. महाराष्ट्रात पर्यटकांच्या बोटी त्याआधीच, मेच्या शेवटच्या आठवड्यात थांबवतात. होडीवाल्याची मेअखेरची घाई यातून येते. पुढचे दोन महिने बोट वर ओढून ठेवायची, खलाशांचे पगार, जाळ्यांची डागडुजी, सगळे त्या आधीच्या कमाईतून. तो 'काय होत नाही, चला' म्हणतो तेव्हा फसवत असतोच असे नाही, त्याला दिवस भरायचे असतात. पण आपल्याला नाहीत. आगाऊ रक्कम देतानाच ठरवून घ्या, की हवामानामुळे रद्द झाले तर पैसे परत की दुसरी तारीख.

समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. फोनला रेंज काठापासून काही किलोमीटरच असते, म्हणून बाहेर जाणाऱ्या बोटीवर वायरलेस सेट आहे ना, हे निघण्याआधी डोळ्यांनी बघा. मासे घरी न्यायचे असतील तर बर्फ बंदरावरच मिळतो. तिथेच पोट साफ करून घ्या आणि पेटीच्या तळाला बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ. घाट चढून बेळगावला पोचेपर्यंत टिकतात.