परदेश आपलासा कसा होतो?

परदेशीं गेलेल्या माणसाच्या नजरेंत प्रथम भरतो तो वेगळेपणा. हवा वेगळी, अन्न वेगळें, पोशाख वेगळा. आणि सर्वांत अवघड म्हणजे कानांवर पडणारी अपरिचित भाषा. सावेडीच्या ज्या मुलामुलींस पुढेंमागें परमुलखीं जावयाचें असेल, त्यांनीं आपल्याच नगर शहरीं येऊन राहिलेल्या एका परदेशी बाईंचें उदाहरण लक्षांत ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका १८२७ सालीं बोस्टनहून निघाल्या. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. तत्पूर्वीं जहाजांस आफ्रिकेला वळसा घालावा लागे व प्रवासांत महिनेच्या महिने जात. त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्या मुंबईस पोहोंचल्या. मुलींनीं शिकावें हें त्या काळीं लोकांस रुचत नसे. परक्या बाईच्या हातीं लेक सोंपवावी, एवढा विश्वास आईबापांस वाटावयाचा तर त्यांच्याशीं त्यांच्याच भाषेंत बोलणें भाग होतें. बाईंनीं मराठी शिकून शाळा चालविल्या. मध्यंतरीं त्या मायदेशीं गेल्या. परंतु १८३९ सालीं परत येऊन नगरांत राहिल्या.

त्यांची येथील शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढिली. बाई १८६२ सालीं नगरांतच निवर्तल्या.

वेगळेपणा डोळ्यांस पहिल्याच दिवशीं दिसतो. आपलेपणा मात्र तेथील भाषा शिकून आणि तेथील माणसांच्या उपयोगीं पडूनच मिळवावा लागतो.