केटीएम

केटीएम : आडवाटांवर व खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या मोटारसायकलींसाठी प्रसिद्ध असलेली ऑस्ट्रियन कंपनी. मुख्य ठाणे ऑस्ट्रियातील माटिगहोफेन. तिच्या लहान एंजिनांच्या अनेक मोटारसायकली महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील चाकण येथे, बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होतात. बजाज ऑटोचा मराठवाड्यातील वाळूज येथेही १९८५ पासून कारखाना आहे.

इतिहास : हान्स ट्रुंकेनपोल्ट्स यांनी १९३४ मध्ये माटिगहोफेन येथे दुरुस्तीची कर्मशाळा काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीची कामे कमी झाल्याने ते मोटारसायकलींच्या उत्पादनाकडे वळले. ‘आर १००’ ही पहिली मोटारसायकल १९५१ मध्ये सिद्ध झाली. तिचे एंजिन रोटॅक्स कंपनीचे होते. १९५३ मध्ये नियमित उत्पादन सुरू झाले, तेव्हा सुमारे वीस कामगार दिवसाला तीन मोटारसायकली तयार करीत. त्याच वर्षी एर्न्स्ट क्रोनराइफ भागीदार झाले. क्रोनराइफ, ट्रुंकेनपोल्ट्स व माटिगहोफेन यांच्या आद्याक्षरांवरून ‘केटीएम’ हे नाव पडले.

१९७४ मध्ये रशियन स्पर्धक गेनादी मोइसेयेव्ह यांनी कंपनीला मोटोक्रॉसचे पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवून दिले. १९९१ मध्ये मात्र कंपनीचे दिवाळे निघाले व तिचे चार स्वतंत्र कंपन्यांत विभाजन झाले. केटीएम नावाच्या सायकली तेव्हापासून वेगळी कंपनी तयार करते. मोटारसायकल विभागाची श्टेफान पीरर यांनी पुनर्रचना केली. डाकार या खडतर शर्यतीत २००१ ते २०१९ या काळात झालेल्या सर्व अठरा स्पर्धांत मोटारसायकल गटाचे विजेतेपद केटीएमकडे राहिले.

बजाज ऑटोने २००७ मध्ये कंपनीचे सु. १४·५ टक्के भाग घेतले व पुढे हा हिस्सा वाढविला. चाकण येथे तयार झालेली ‘१२५ ड्यूक’ २०११ मध्ये यूरोपात, तर ‘२०० ड्यूक’ २०१२ मध्ये भारतात विक्रीस आली. न खपलेला साठा व कर्ज यांमुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम पुन्हा नादारीत गेली. धनकोंनी ३० टक्के रकमेवर तडजोड मान्य केली व त्यासाठी बजाजने भांडवल पुरविले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचे नियंत्रण बजाजकडे आले.

नामपद्धती : नावातील अंक एंजिनाचे घनफळ घन सेंटिमीटरांत (घ.सेंमी.) स्थूलमानाने दाखवितो, तर अक्षरे मोटारसायकलीचा उपयोग सांगतात. ‘एसएक्स’ म्हणजे मोटोक्रॉससाठी, म्हणजे मातीच्या बंदिस्त मार्गावरील शर्यतीसाठी, बनविलेली मोटारसायकल. ‘ईएक्ससी’ ही एंड्यूरोसाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या आडवाटांवरील स्पर्धेसाठी असते. पुढे ‘एफ’ जोडल्यास एंजिन चार धावांचे समजावे. केवळ ‘एसएक्स’ वा ‘ईएक्ससी’ असल्यास ते सामान्यतः दोन धावांचे असते. ‘ड्यूक’ डांबरी रस्त्यासाठी, तर ‘ॲडव्हेंचर’ दूरच्या मिश्र प्रवासासाठी असते. ‘एलसी ४’ व ‘एलसी ८’ ही एंजिनांची नावे होत. ‘एलसी’ म्हणजे द्रवशीतित. मात्र पहिल्यातील ४ हा आकडा धावांचा, तर दुसऱ्यातील ८ हा झडपांचा निदर्शक आहे.

अंक व प्रत्यक्ष घनफळ यांत तफावत असू शकते. २०१३ च्या ‘३९० ड्यूक’चे घनफळ सु. ३७३ घ.सेंमी. होते, २०२३ च्या आवृत्तीत ते सु. ३९९ घ.सेंमी. झाले, तरी नाव बदलले नाही. भारतात सप्टेंबर २०२५ पासून ३५० घ.सेंमी.हून मोठ्या मोटारसायकलींवर ४० टक्के, तर त्याहून लहानांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर ठरला. हा कर नावातील अंकावर नव्हे, तर प्रत्यक्ष घनफळावर आकारला जातो.

अंक सारखा असला, तरी उपयोग सारखा नसतो. २०२५ मध्ये भारतात आलेल्या ‘३९० एंड्यूरो आर’चे एंजिन ‘३९० ड्यूक’च्याच जातीचे आहे, परंतु ड्यूकचे पुढील चाक १७ इंची, तर एंड्यूरोचे २१ इंची असते. मोठे चाक खड्डे व दगड अधिक सहज ओलांडते. ‘एसएक्स’ मोटारसायकलींना दिवे नसतात व त्या सार्वजनिक रस्त्यांसाठी नसतात. म्हणून केटीएमची निवड करताना अंकाइतकाच अक्षरांचा अर्थ लक्षात घ्यावा लागतो.