गुड न्यूजची तयारी... दोघांची!

फ्लॅट बुक करण्याआधी आपण दहा साइट्स पालथ्या घालतो. कार घेताना मायलेज विचारतो. गोव्याच्या ट्रिपचं बुकिंगसुद्धा दोन महिने आधी! आणि बाळाचा विषय निघाला की? ‘बघू, होईल तेव्हा होईल.’ लग्नाला दोन वर्षं झाली की मात्र नातेवाईकांचा पेशन्स संपतो. ‘काय गं, गुड न्यूज कधी?’ गंमत म्हणजे हा प्रश्न कायम ‘ति’लाच. ‘त्या’ला कुणी विचारतच नाही.

आम्ही दोघं गेले सात महिने याच रांगेत उभे आहोत. या काळात डॉक्टरांना प्रश्न विचारून पुरतं भंडावून सोडलंय. त्यातून हाती लागलेली ही शिदोरी.

आधी अपॉइंटमेंट

‘सुरुवात’ करण्याआधीच गायनॅककडे जा, आणि जोडीने जा. बीपी, शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन या साध्या तपासण्या. हिमोग्लोबिन हलक्यात घेऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला होता. थॅलेसेमियाची तपासणीही करून घ्या. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रुबेलाची लस राहिली असेल तर ती घ्या आणि पुढे महिनाभर थांबा. एखादं औषध रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

आणि हो, फॉलिक ॲसिड! रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली म्हणून आपण किट आणतो, तोवर हे काम उरकत आलेलं असतं. म्हणून गोळी किमान महिनाभर आधी सुरू करायची आणि पहिले तीन महिने चालू ठेवायची. डायबेटिस असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस जास्त लागू शकतो, तो डॉक्टरच ठरवतील.

कॅलेंडरचं गणित

‘चौदावा दिवस’ सगळ्यांना पाठ असतो, पण तो सगळ्यांचा नसतो. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. चक्र २८ दिवसांचं असेल तर चौदाव्या दिवशी, ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणजे महत्त्वाचे दिवस सहा. पण म्हणून ‘आज लास्ट डेट आहे, कॉल लवकर संपव’ असे मेसेज नकोत! प्रेमाची डेडलाइन झाली की मजा संपते. दर दोन-तीन दिवसांनी एकत्र आलात तरी पुरे.

आता ‘त्या’च्याबद्दल

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे सिगारेट, गुटखा आज सोडला तर त्याचा फायदा तीन महिन्यांनी दिसणार. दारू कमी, लॅपटॉप मांडीवर नको. आणि जिममध्ये बॉडी बनवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर सावधान! त्याने शरीराची स्वतःची शुक्राणूनिर्मिती थंडावते.

मूल होण्यात अडचण येते, तेव्हा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्यतपासणी सोपी, त्यात काही टोचायचं-कापायचं नसतं. तरी धावपळ मात्र सुनेचीच! आमच्या सासूबाईंनी मागच्या महिन्यात माझ्यासाठी एका ‘हमखास’ औषधवाल्याचा पत्ता आणला. नवरा ताटावरून मान वर न करता म्हणाला, ‘आई, आधी माझी टेस्ट करू दे.’ दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला. नसता आला तरी चाललं असतं. ते एक वाक्य मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त लागू पडलं.

किती थांबायचं?

पत्नीचं वय चाळिशीच्या आत असेल, तर नियमित प्रयत्न करणाऱ्या सुमारे ८० टक्के जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात टेन्शन नको. तिचं वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष थांबा, ३५ किंवा पुढे असेल तर सहाच महिने. पाळी फारच अनियमित असेल तर लगेच भेटा. आयव्हीएफपर्यंत वेळ आलीच, तर सेंटरची नोंदणी तपासा, २०२१ च्या कायद्याने ती सक्तीची आहे.

थोडं पैशाचंही बघा. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. मात्र आधीच्या १२ महिन्यांत तिथे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. माझ्यासारख्या फ्रीलान्सरच्या वाट्याला हे नाहीच, तेव्हा बचत आत्तापासून. मेडिक्लेममध्ये मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड किती, तेही वाचून ठेवा.

राहिली एक गोष्ट, जी कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेली नसते. दर महिन्याला पाळी येते आणि तो दिवस जड जातो. तेव्हा ‘अगं, होईल गं’ असं म्हणू नका, नुसतं शेजारी बसा. आमच्याकडे त्या दिवशी स्वयंपाकाला सुट्टी असते, चहा तो करतो आणि मोबाइल दोघांचेही बंद!