त्रेसष्ट वजा अठ्ठावीस

शिकवणी घेणे हा आपल्या महाविद्यालयातील कितीतरी जणांचा जोडधंदा आहे. कोणी तो अभिमानाने सांगतात, कोणी लपवतात. मी लपवणाऱ्यांपैकी होते. कला शाखेची मुलगी गणित शिकवते म्हटल्यावर मैत्रिणी हसत, आणि त्यांचे हसणे अनाठायी नव्हते. दहावीचा गणिताचा पेपर देऊन बाहेर पडले त्याच दिवशी मी त्या विषयाला रामराम ठोकला होता. पण लहान मुलांच्या आईबापांना शिकवणी हवी असते ती मुख्यतः गणितासाठी. दुसरी-तिसरीचे गणित काय, कोणालाही येते, अशा समजुतीने गेल्या जूनमध्ये मी गल्लीतली चार मुले धरली. संध्याकाळी सहा ते साडेसात, आमचा ओटा, माणशी महिना तीनशे रुपये.

हा धंदा आम्हा विद्यार्थ्यांकडे येतो याला एक कारण कायद्यातही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी करण्यास मनाई केली. मागणी मात्र वाढतच गेली. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणीला जाणारी मुले २०१८ साली २६.४ टक्के होती, ती २०२२ साली ३०.५ टक्के झाली. या मुलांना कोण शिकवते आणि त्याला शिकवता येते का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मलाही कोणी विचारला नाही.

पहिल्या दिवशी चौघांना एकच उदाहरण तोंडी घातले : त्रेसष्ट वजा अठ्ठावीस. दोन अंकी, हातच्याची वजाबाकी. 'असर'वाले मुलांच्या घरी जाऊन अशाच वजाबाकीने त्यांची पारख करतात, हे मला नंतर कळले. चार पाट्यांवर चार तऱ्हा निघाल्या. चौथीतल्या मुलीचे उत्तर ४५. तिसरीतल्या मुलाचे २५. दुसरीतल्या चिमुरडीने ३६ लिहून त्याखाली ८२ लिहिले आणि "ताई, छोट्यातून मोठी कशी जाईल?" असे मलाच विचारले. चौथ्या मुलाचे उत्तर तेवढे बरोबर, ३५. मी तिघांना "लक्ष नाही तुमचं" म्हणून दटावले आणि फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवले.

लक्ष नव्हते ते माझे. त्या तीन चुकांतली एकही आंधळेपणाने झालेली नव्हती.

चिमुरडीची चूक आधी घेऊ. आपण मराठीत "त्रेसष्ट" म्हणतो तेव्हा तीन आधी उच्चारतो, साठ मागाहून. "अठ्ठावीस"मध्ये आठ आधी, वीस नंतर. मूल कानावर पडेल त्या क्रमाने लिहीत गेले तर ३६ आणि ८२ हेच लिहिणार! कानडी-तेलुगूत दशक आधी बोलतात, इंग्रजीतही विसाच्या पुढे तसेच. आपल्याकडे त्यात एकोणतीस, एकोणचाळीस यांची भर. ऐकू येते तीस, लिहायचे २९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असे वाचन रूढ नावांच्या जोडीला दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वर्तमानपत्रांतून थट्टा झाली, विधानसभेतही विषय गाजला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे त्यामागचे कारण सांगितले होते : जोडाक्षरांची ही नावे आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. मी तेव्हा शाळकरी होते आणि घरच्यांबरोबर हसले होते. आता आमच्या ओट्यावर "साठ तीन, म्हणजेच त्रेसष्ट" असे मीच म्हणते. नावे टाकून द्यावीत असे मला वाटत नाही; पण पायरी म्हणून ही युक्ती उपयोगी पडते, हे डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरीतल्या मुलाचे २५ मला बरेच दिवस उलगडत नव्हते. एकदा त्याला म्हटले, "मोठ्याने बोलत कर." तो म्हणाला, "तीनातून आठ जात नाहीत. शेजारून एक घेतला, सहाचे पाच. तेरातून आठ गेले, पाच. हातचा एक. दोन नि एक तीन. पाचातून तीन गेले, दोन." ऐकून मी चमकले. वरचा आकडा त्याने एकाने कमी केला होता आणि खालचा एकाने वाढवलाही होता! चौकशी केली तेव्हा कळले, घरी त्याला आजोबा शिकवतात. जुन्या पद्धतीत वरचा सहा तसाच ठेवून खालच्या दोनात हातचा मिळवतात : सहातून तीन गेले, तीन. शाळेत बाई वरच्या सहातला एक दशक मोडायला सांगतात : पाचातून दोन गेले, तीन. दोन्ही रीती निर्दोष आहेत. आजोबांच्या रीतीत वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवले. दोन्हींकडे दहाच वाढले, तेव्हा फरक बदलत नाही. बिचाऱ्याने दोन्ही गुरूंचा मान राखला, आणि उत्तर दहाने चुकले.

राहिली ४५ वाली. तिने प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान आकडा वजा केला होता : आठातून तीन, सहातून दोन. "मोठ्यातून लहान जातो" हे तिला कोणीतरी शिकवले होते आणि ती ते इमानाने पाळीत होती. ही चूक जगभर होते. अमेरिकेत ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशा चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल बहुधा वाटेल ते लिहीत नाही, एक चुकीचा नियम अचूकपणे पाळते, असे त्यांना दिसले.

पण हे सारे मला कळले ते उशिरा, आणि त्याची किंमत या मुलीने मोजली. पहिले दोन महिने मी काय करीत होते? गृहपाठ पुरा करून घेत होते. दीड तासात चार मुलांचे चार विषय. अडले की मी उत्तर सांगे, मूल लिही, वही भरे. पालक खूष, मीही खूष. घटक चाचणीत तिने हातच्याची एकूण एक वजाबाकी चुकवली. तिची आई पेपर आणि वही दोन्ही घेऊन आली. वहीत सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. ती उत्तरे माझी होती. आई बाजारात भाजी विकते. फीचे तीनशे रुपये ती दहा-दहाच्या नोटांत आणून देत असे. ती रागावली नाही. "हिला वहीत येतं, पेपरात का येत नाही गं?" एवढेच तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर त्या नोटांतच होते. ही मुलगी सुट्टीच्या दिवशी आईच्या पाटीवर बसते. मी तिला दहाच्या सहा नोटा आणि रुपयाची तीन नाणी दिली नि म्हटले, "मला अठ्ठावीस दे." तिने क्षणभर पाहिले. "सुट्टे नाहीत ताई. एक नोट मोडावी लागेल." नोट मोडून तिने मला अठ्ठावीस दिले आणि उरलेले पस्तीस न मोजताच सांगितले. पाटीवर ती ४५ म्हणत होती! पुढे वाचनात आले की अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतील अशा कामकरी मुलांचा अभ्यास २०२५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. बाजारात बिनचूक हिशेब करणारी मुले वहीतल्या गणितात अडखळतात, आणि शाळेतली मुले बाजारी हिशेबात, असे त्यांना आढळले. आमच्या ओट्यापुरते आम्ही 'हातचा'ला 'नोट मोडणे' हे नाव दिले. ज्या दिवशी तिने सहावर काट मारून "मोडली" म्हणत पाच लिहिले, त्या दिवशी मलाही तो हातचा प्रथमच समजला. दहावीपर्यंत मी तो बाईंनी सांगितला म्हणून घेत आले होते.

तेव्हापासून पहिला अर्धा तास नोटा, काड्यांचे गठ्ठे आणि बोलून सोडवलेली गणिते. गृहपाठ नंतर, आणि अडला तर अडलेलाच घरी जातो. हे सर्वांना रुचले नाही. ज्याचे उत्तर पहिल्या दिवशी बरोबर होते, त्या मुलाच्या काकूंनी दिवाळीनंतर त्याला काढून घेतले. "अगं, वह्या अपुऱ्या राहतात. काड्या मोजायला का पाठवायचं?" त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही; वही अपुरी राहिली तर शाळेत शिक्षा त्याला होते, मला नव्हे. तीनशे रुपये कमी झाले, तेही परीक्षा फी भरायच्या महिन्यात.

तिसरीतल्या मुलाचे आजोबा मात्र एके संध्याकाळी काठी टेकीत ओट्यावर येऊन बसले. आपली रीत चूक ठरवली, असे नातवाकडून त्यांना कळले होते. मी काही बोलण्याआधी नातवानेच नोटा मांडल्या. "आजोबा, तुमच्यात दोघांना दहा-दहा द्यायचे. बाईंच्यात एकाचीच मोडायची. दोन्ही एकदम नाही करायचं." आजोबांनी नोटा पुन्हा पुन्हा इकडून तिकडे सरकवून पाहिल्या. "साठ वर्षं करतोय," ते म्हणाले, "पण हा एक कुठनं येतो, ते आत्ता दिसलं." मग नातवाला म्हणाले, "आता शंभरातून सदतीस करून दाखव. तिथं तुझ्या बाईंचं शून्य आडवं येईल बघ."

खरेच आले. त्या संध्याकाळी आम्ही साडेसातला उठलो नाही.